काम चालू असताना एवढं म्युझिक नसतं

(पत्र मोठं होतं. लिहिणारीची ओळख पटेल असे तपशील काढून त्यातला पेच इथे देते आहे.)

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणारी ही मुलगी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. वर्गात असाइनमेंट मिळालं: अंतराळमोहिमांवरच्या एखाद्या मालिकेतला एक भाग निवडा आणि दीड हजार शब्दांत त्याचं विश्लेषण करा. तिने ‘फ्रॉम द अर्थ टू द मून’ या १९९८ सालच्या १२ भागांच्या अमेरिकन मालिकेतला ‘स्पायडर’ हा पाचवा भाग घेतला. अपोलो मोहिमेत माणसांना चंद्रावर उतरवणारं यान ज्यांनी बनवलं, त्या अभियंत्यांची ही गोष्ट. तिचे वडील २६ वर्षं कारखान्यात आहेत. आधी टर्नर होते, आता सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रावर असतात. रॉकेटच्या सुट्या भागांचे काही जॉबही त्यांच्या हातून गेले आहेत. म्हणून तिने हा भाग त्यांच्यासोबत बसून पाहिला. बाबा दर पाच मिनिटांनी “असं नसतं” म्हणत होते आणि ती लिहून घेत होती. शेवटाजवळ एका प्रसंगाला मात्र त्यांनी तिच्या हातातून रिमोट घेतला, प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला आणि काही न बोलता झोपायला गेले.

कथानक आणि बाबांनी काढलेल्या चुका, असा मसुदा तिने दिला. मॅडमनी तो परत केला. वर शेरा होता: ‘हा सारांश आणि चुकांची यादी आहे. विश्लेषण कुठे आहे?’ आता दहा दिवस उरलेत. ती विचारते: “विषय बदलून एखादी भारतीय मालिका घेऊ का? बाकीची मुलं मोठमोठे शब्द वापरून लिहितात, मला ते जमत नाही. विज्ञानही मला धड कळत नाही. बाबांचं बोलणं असाइनमेंटमध्ये घालणं बालिश दिसेल ना? मैत्रीण म्हणते, एआयकडून लिहून घे आणि मोकळी हो. काय करू?”

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बाबांची वाक्यं पेन्सिलने अधोरेखित करत गेले. तू ती पत्रात ओझरती टाकली आहेस, कंसात, जवळजवळ माफी मागितल्यासारखी. “काम चालू असताना एवढं म्युझिक नसतं.” “एवढं कोणी बोलत नाही.” “माणसं फार भराभर हुशार होतात.” “इन्स्पेक्शनवाला कुठेय?” आणि पुढे तू लिहितेस, ‘पण हे काही विश्लेषण नाही.’

तिथेच मला तुला थांबवायचं आहे. ही चार वाक्यं म्हणजे विश्लेषणाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा तुला करायचा आहे आणि तो बाबा करू शकणार नाहीत, कारण मास मीडिया तू शिकतेस. बाबा म्हणाले, “असं नसतं.” तुझं काम एवढंच विचारायचं: मग असं का दाखवलं?

मॅडमनी मसुदा परत केला तो याच प्रश्नाच्या अभावी. चुकांची यादी करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की नाटक म्हणजे वास्तवाची नक्कल आणि नक्कल जितकी हुबेहूब तितकं नाटक चांगलं. तू हे नकळत गृहीत धरलं आहेस. बाबांनीही धरलं आहे, पण त्यांचं ठीक आहे, त्यांना मार्क मिळवायचे नाहीत. लेखक-दिग्दर्शकाला कारखान्यात काय होतं ते माहीत असूनही त्याने वेगळं दाखवलं असेल, तर ती चूक राहत नाही. ती निवड होते. आणि निवडीमागे कारण असतं, परिणाम असतो, कधीकधी अन्यायही असतो.

आता बाबांचं एकेक वाक्य घेऊन बसू या.

संगीताचं आधी, कारण मला ते सगळ्यात आवडलं. कारखान्यात कसले आवाज असतात, हे बाबांना विचार. काँप्रेसरचा, कूलंटचा, कुठेतरी हातोडीचा, शिफ्ट सुटल्याच्या भोंग्याचा. पडद्यावर त्यांच्या जागी वाद्यवृंद येतो. का? वजनाची आकडेमोड प्रेक्षकाला कळत नाही, पण ती जिंकली की हरली एवढं त्याला कळायला हवं असतं. संगीत हे त्याच्या कानात सांगतं. हे तपासायचं तर एक प्रसंग निवड आणि तीनदा पाहा. एकदा आवाज पूर्ण बंद करून. एकदा डोळे मिटून, फक्त ऐकत. मग नेहमीसारखा, हातात वही घेऊन, मिनिट-सेकंद टिपत. संगीत कुठे सुरू होतं, कोणाच्या चेहऱ्यावर सुरू होतं, काय बोलल्यावर थांबतं, हे लिहून काढ. तीन मिनिटांच्या प्रसंगासाठी दीड तास जाईल. तो जाऊ दे. वर्गातली कितीतरी मुलं भाग एकदाच पाहून लिहितील आणि ते त्यांच्या लिखाणात दिसेल.

“एवढं कोणी बोलत नाही” याचंही तसंच. दोन अनुभवी माणसं मशीनपाशी उभी असतात तेव्हा मान हलवून, बोट दाखवून काम भागतं. मालिकेत मात्र एक अभियंता दुसऱ्याला जे समजावतो, ते दुसऱ्याला आधीच माहीत असतं. ते खरं तर आपल्याला, सोफ्यावर बसलेल्यांना सांगणं असतं. अशी वाक्यं शोध आणि पाहा, लेखकाने ती कशी लपवली आहेत: भांडणात, थट्टेत, की नवख्या माणसाच्या प्रश्नात? जिथे ती लपली नाहीत, तिथे लिखाण कच्चं आहे असं तू बेधडक म्हणू शकतेस. ते मत तुझं असेल आणि त्याला पुरावा असेल.

“माणसं फार भराभर हुशार होतात.” या वाक्यासाठी तुला थोडा इतिहास लागेल. विज्ञान कळत नाही म्हणतेस, तर मी सांगते. लागतं त्यापेक्षा जास्त विज्ञान या भागासाठी शिकायची गरज नाही.

चंद्रावर जायचं कसं, यावर १९६१-६२ मध्ये नासात मोठा वाद होता. अख्खं मोठं यानच चंद्रावर उतरवायचं, की मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवून फक्त एक छोटं यान खाली पाठवायचं? छोट्या यानाच्या बाजूने जॉन हूबोल्ट नावाचा अभियंता लढत होता. कोणी ऐकेना, तेव्हा नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने मधल्या सगळ्या साहेबांना ओलांडून नासातल्या अगदी वरच्या अधिकाऱ्याला, रॉबर्ट सीमन्स यांना पत्र लिहिलं. जुलै १९६२ मध्ये त्याचा मार्ग मान्य झाल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते छोटं यान बनवण्याचं काम न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या ग्रमन कंपनीला मिळालं. तिथला प्रमुख अभियंता टॉम केली. माणसं बसवून हे यान पहिल्यांदा उडालं ते मार्च १९६९ मध्ये, अपोलो ९ मोहिमेत, पृथ्वीच्याच कक्षेत. त्या यानाचं हाकेचं नाव ‘स्पायडर’, म्हणजे कोळी. त्याचे पाय पाहिलेस तर नाव का पडलं ते विचारावं लागणार नाही.

आता मोज. काम मिळाल्यापासून उड्डाणापर्यंत ६ वर्षं आणि ४ महिने. मालिकेतला भाग साधारण तासाभराचा. त्या सहा वर्षांत यान वारंवार मागे पडत गेलं. वजन वाढत गेलं, वेळापत्रक कोसळत गेलं. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राला प्रदक्षिणा घालून आलं, तेही या यानाशिवाय, कारण ते अजून तयार नव्हतं. सहा वर्षांचा तास करताना सगळ्यात आधी काय कापलं जातं? वाट पाहणं. तोच जॉब चौथ्यांदा करणं. रिजेक्ट झालेला तुकडा बाजूला ठेवून नवा लावणं. बाबांच्या आयुष्यातली २६ वर्षं बहुतेक याच गोष्टींची आहेत आणि नेमक्या त्याच पडद्यावर मावत नाहीत. “माणसं फार भराभर हुशार होतात” असं त्यांना वाटलं ते म्हणूनच. तू हे वाक्य उचलून त्याखाली काळाच्या संक्षेपाबद्दल एक पूर्ण परिच्छेद लिहू शकतेस. भागात काळ पुढे सरकल्याचं कसं कळतं, तारखा पडद्यावर येतात का, निवेदन येतं का, केस पांढरे होतात का, कॅलेंडर बदलतं का, हे तुझं तू शोध.

पूर्ण भाग कवेत घेऊ नकोस. एक प्रसंग धर. मी तुझ्या जागी असते तर खुर्च्यांचा धरला असता.

यानाच्या आरंभीच्या आराखड्यात अंतराळवीरांना बसायला खुर्च्या होत्या. मोठमोठ्या काचाही होत्या, हेलिकॉप्टरसारख्या. काच जड. खुर्ची जड. आणि या यानाच्या साधारण १५ टन वजनात दोन तृतीयांशांहून जास्त नुसतं इंधन, त्यामुळे प्रत्येक किलो पुढे आणखी इंधन मागणार. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश. तिथे आणि वाटेत माणूस उभा राहिला तर पाय दुखणार नाहीत. खुर्च्या काढल्या. माणूस उभा राहिला तेव्हा तो काचेच्या अगदी जवळ गेला. जवळ गेल्यावर छोट्याशा तिकोनी काचेतूनही त्याला खालची जमीन पुरेशी दिसू लागली. म्हणजे काचही लहान झाली. एका खुर्चीच्या जाण्याने किती गोष्टी सुटल्या पाहा. मला हा प्रसंग फार सुंदर वाटतो. आपल्या दहा बाय पंधराच्या घरांत पलंग काढल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडतं आणि मग खिडकीही उघडता येते, तसं काहीसं.

या प्रसंगावर तीन तऱ्हांनी लिहिता येईल. ‘वजन कमी करण्यासाठी अभियंत्यांनी खुर्च्या काढल्या’ हा सारांश. ‘प्रत्यक्षात हा निर्णय असा झटकन झाला नव्हता’ ही चूक दाखवणं. आणि तिसरं असं, समजा तुझ्या टिपणांत तेच निघालं तर: ‘पुष्कळ माणसांच्या पुष्कळ बैठकांमधून झालेला निर्णय हा भाग एका क्षणाच्या सुचण्यात बसवतो. त्यामुळे प्रेक्षकाला शोधाचा आनंद मिळतो, पण शोध ही एका माणसाची गोष्ट आहे असा समजही पक्का होतो.’ तिसऱ्या वाक्यात ‘प्रेक्षकाला’ आणि ‘पण’ हे दोन शब्द आले आहेत, बघ. काय केलं, त्याने पाहणाऱ्यावर काय परिणाम झाला आणि त्याची किंमत काय पडली. मॅडम विश्लेषण म्हणतात ते हेच, माझ्या समजुतीप्रमाणे. कल्पना मालिकेत कोणाच्या तोंडी दिली आहे आणि कागदोपत्री ती कोणाची आहे, हेही ताडून पाहा. नासाने आपल्या मोहिमांचा इतिहास आणि अंतराळवीरांच्या संभाषणाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवल्या आहेत. टॉम केली यांनी स्वतःही या कामाबद्दल पुस्तक लिहिलं आहे.

यात मोठे शब्द कुठेच लागले नाहीत. मोठ्या शब्दांची भीती तुझ्या पत्रात इतक्या वेळा येते, की मला वाटतं असाइनमेंटपेक्षा तीच तुला जास्त छळते आहे. ‘मिझ-ऑन-सीन’ या शब्दाने चौकटीत काय काय ठेवलं आहे आणि कसं ठेवलं आहे, एवढंच सांगितलं जातं. तुला ते दिसत असेल तर शब्द नंतर जोडता येतो. शब्द येत असेल आणि दिसत नसेल, तर मात्र पंचाईत. पहिला मसुदा मराठीतच लिही. असाइनमेंट मराठीत दिलेलं चालेल का, हेही मॅडमना एकदा सरळ विचार. नाही म्हणाल्या तर मराठीत पूर्ण विचार करून झाल्यावर इंग्रजीत आण. उलट्या क्रमाने गेलीस तर इंग्रजी वाक्य जमवण्यातच जीव थकेल आणि विचार तिथल्या तिथे राहील. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांना हे लागू आहे. त्यांनीही हे करून पाहावं.

“इन्स्पेक्शनवाला कुठेय?” हे चौथं वाक्य मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. आधी मोजून घे. त्या भागात बोलणारी पात्रं किती, त्यांत टायवाले किती, डगलेवाले किती, हातात हत्यार असलेले किती, त्यांतल्या किती जणांना नाव आहे. कदाचित इन्स्पेक्शनवाला असेलही आणि बाबांच्या नजरेतून निसटला असेल. पण नसेल, किंवा असून बिननावाचा असेल, तर तुझ्या हाती फार मोठी गोष्ट लागली. अपोलोसाठी सुमारे ४ लाख माणसं राबली असं म्हणतात. अंतराळावरच्या मालिका बहुतेक वेळा अंतराळवीरांच्या असतात, म्हणून अभियंत्यांकडे वळलेला हा भाग वेगळा आणि चांगला वाटतो. मलाही वाटतो. पण अभियंत्यांच्या मागे कोण उभं होतं? कॅमेरा कुठवर गेला आणि कुठल्या दारापाशी थांबला?

इथे तू विषय बदलायचा विचार सोडून दे, असं मला कळकळीने सांगायचं आहे. विषय भारतीय हवा म्हणून मालिका भारतीय हवी, असं नाही. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची विकास इंजिनं बनतात. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, त्याला पृथ्वीवरून उचलणाऱ्या रॉकेटातही विकास इंजिनं होती. त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी टीव्हीवर बंगळुरूचा नियंत्रण कक्ष पाहिला, टाळ्या पाहिल्या, रडलोसुद्धा. तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांसमोर लालबहादूर शास्त्री मार्गावरून फर्स्ट शिफ्टला निघालेली माणसं आली? तू ज्या घरातून हा अमेरिकन भाग पाहिलास, ते घर हाच तुझ्या लेखाचा भारतीय भाग आहे.

ज्यांना खरोखरच भारतीय मालिका घ्यायची आहे, अशा इतर वाचकांसाठी एक गोष्ट सांगते. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरची ‘रॉकेट बॉइज’ २०२२ मध्ये आली. तिच्यात मेहदी रझा हे शास्त्रज्ञाचं पात्र काल्पनिक आहे. खऱ्या माणसांच्या मध्ये एक काल्पनिक माणूस का आणावा लागला, त्याच्या वाट्याला कोणतं काम दिलं, आणि ते खऱ्या नावाच्या माणसाला देणं का टाळलं असेल, एवढ्या तीन प्रश्नांवर पूर्ण असाइनमेंट उभं राहील.

खरं-खोटं तपासताना एका सापळ्यापासून जप. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचं छायाचित्र तू पाहिलं असशील. भारतीय अंतराळ कार्यक्रम कसा गरिबीतून उभा राहिला, हे सांगायला ते सर्रास वापरतात आणि कित्येकदा केरळमधल्या थुंबाच्या पहिल्या रॉकेटाशी जोडतात. थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं २१ नोव्हेंबर १९६३ ला. बैलगाडीवरचा उपग्रह आहे १९८१ मधला ‘ॲपल’. बैलगाडी आणली होती ती लाकडाची असते म्हणून. अँटेनाच्या चाचणीत धातूच्या गाडीचा अडथळा नको होता. म्हणजे चित्र खरं, वर्ष चुकीचं आणि अर्थ तर जवळजवळ उलटा: जिथे आपण हलाखी पाहतो, तिथे अभियंत्यांनी विचारपूर्वक केलेली सोय होती. मालिकेतही असंच होतं. एखादी वस्तू, एखादा प्रसंग शंभर टक्के खरा असतो, पण तो कुठे ठेवला यावरून त्याचा अर्थ फिरतो. नुसतं ‘हे खरं घडलं होतं’ एवढ्यावर थांबू नकोस.

आणि आता थोडं अवघड. बाबांचं प्रत्येक “असं नसतं” बरोबरच असेल असं नाही. तू लिहिलं आहेस की “हाताने एवढं कोण करतं, प्रोग्रॅम टाकला की झालं” असंही ते म्हणाले. त्यांच्या मशीनवर आज ते खरं आहे. पण ग्रमनमध्ये हे सगळं चाललं ते १९६० च्या दशकात. ड्रॉइंग बोर्डवर आराखडे, हातात आकडेमोडीची सरकपट्टी म्हणजे स्लाइड रूल, आणि यानाचा पुष्कळसा भाग माणसांनी हातांनी जुळवलेला. केबिनचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीचा होता. नको असलेली जाडी रसायनात खाऊ घालून तो पातळ केला जाई. हे बाबांना सांग. ०.३ मिलिमीटर म्हणजे काय, हे तुझ्या-माझ्यापेक्षा त्यांच्या बोटांना जास्त कळतं. त्यांचं म्हणणं तू तपासलंस आणि एका ठिकाणी ते बरोबर नव्हतं असं लिहिलंस, तर त्यांचा मान कमी होत नाही. उलट उरलेल्या ठिकाणी त्यांचा शब्द वजनदार होतो. एरवी ते लेखात नुसती शोभेची वस्तू होऊन बसतील, ‘माझे कष्टकरी बाबा’ अशी. तसं त्यांना बसवू नकोस.

बाबांचं बोलणं घालणं बालिश दिसेल का, याचं उत्तर यातच आलं. ते कसं घालतेस यावर आहे. ‘माझे बाबा म्हणाले’ असं वाक्यावाक्याला आलं तर दिसेल. त्याऐवजी त्यांची रीतसर मुलाखत घे. एक दिवस ठरव, प्रश्न लिहून ने, त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड कर. लेखात एकदाच सांग की मुलाखत देणारी व्यक्ती २६ वर्षं यंत्रकामात आहे आणि लेखिकेचे वडील आहेत. नातं लपवू नकोस. कारखान्याचं नाव, कुठल्या भागाचं काम, मापं, यांतलं काही लिहू नकोस. अशा कामांत गुप्ततेच्या सह्या घेतलेल्या असू शकतात आणि तुझ्या वीस मार्कांसाठी त्यांच्या नोकरीला धक्का नको. काय लिहिलं ते आधी त्यांना वाचून दाखव.

एआयबद्दल फार लांबवत नाही. शब्दाचा अर्थ विचारायला, तारखा कुठे तपासाव्यात हे विचारायला वापर, आणि त्याने दिलेली तारीख दुसरीकडे तपासून घे. लेख लिहून घेऊ नकोस. कॉलेजचा नियम आहेच, पण त्याहून साधं कारण हे की तुझे बाबा त्या दिवशी सोफ्यावर बसून काय म्हणाले, हे त्याला माहीत नाही.

जाता जाता मुंबईची एक आठवण, तुझ्या लेखाच्या सुरुवातीला कदाचित उपयोगी पडेल. २० जुलै १९६९ ला माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मुंबईत टीव्ही नव्हता. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे आपल्या शहराने चंद्रावरचं पाऊल आधी रेडिओवर ऐकलं आणि मग वर्तमानपत्रात पाहिलं. माझी मावशी तेव्हा लालबागला राहायची. ती सांगते, चाळीत एका बिऱ्हाडात रेडिओ होता आणि त्याच्या दाराशी जिन्यापर्यंत माणसं उभी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईलाही येऊन गेले. तुझ्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचार, त्यांनी काय ऐकलं होतं. ज्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, त्यांच्या नातीने ते नाटक म्हणून पाहणं, यातही लिहिण्यासारखं आहे. पण या वेळी मोह आवर, दीड हजार शब्दच आहेत.

दहा दिवसांचं म्हणशील तर पहिले तीन फक्त पाहण्यात आणि टिपणांत घालव, लिहू नकोस. मधल्या एका सुट्टीला बाबांची मुलाखत. एक दिवस तारखा आणि संदर्भ ताडण्यात. मग लिही. एक प्रसंग, बाबांच्या चारपैकी फार तर दोन वाक्यं, आणि मध्यभागी एकच प्रश्न ठेव. जुना मसुदा फेकू नकोस, पण उघडूही नकोस.

शेवटी ती एक गोष्ट, जी पत्र वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. शेवटाजवळचा तो प्रसंग. बाबांनी रिमोट घेतला, मागे नेला, पुन्हा पाहिला. तासभर “असं नसतं” म्हणणारा माणूस तिथे काही बोलला नाही. आणि तूही तो प्रसंग कोणता, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. मसुद्यातही तो नसणार, असं मला वाटतं. तुला वाटलं असेल, डोळ्यांत पाणी येणं हे अभ्यासाचं नाही. पण तिथे संगीत होतं की नव्हतं? कोणी बोलत होतं का? पडद्यावर कोणाचे हात दिसत होते? ज्या माणसाला तासभर सगळं खोटं वाटलं, त्याला त्या दोन मिनिटांत काय खरं वाटलं असेल?

हे तू अजून त्यांना विचारलेलं नाहीस. या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी चहाच्या वेळी विचार. रेकॉर्डर लावू नकोस. तो प्रसंग लॅपटॉपवर लावून फक्त शेजारी बस.